आखाड्यावर नेट: सिमचा राउटर की घरून टाकलेली लिंक?

गावातल्या घरी फायबर आलंय आणि शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या शेडवर, कॅमेरा लावायचाय, ही गरज आता आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत भागात घरोघरी आहे. रस्ते दोन. आखाड्यावरच सिमचा 4जी राउटर ठेवून त्याला बाहेरून अँटेना जोडायचा, नाहीतर घराच्या गच्चीवर एक आणि शेतात एक अशी 5 गिगाहर्ट्झच्या वायरलेस डिव्हाइसची जोडी लावून घरचंच नेट रानात न्यायचं. पहिलं मी दोन हंगाम वापरलं, दुसरं वापरतोय त्याला दीड वर्ष झालं. अंतर 1.4 किलोमीटर, मधे सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलवरचं सपाट रान, ऊस आणि हळद.

सिमच्या राउटरला मी नावं ठेवणार नाही. दुपारी आणला, तासाभरात चालू झाला. मधे झाडी असो की चढ, त्याला घराशी देणंघेणं नाही. टॉवरच्या दिशेनं पॅनल अँटेना बांधला तेव्हा दोन काड्यांच्या चार झाल्या. दिवसा नेट उत्तम चालायचं.

घोळ व्हायचा संध्याकाळी. रात्रपाळीची लाईट असली की थ्री फेज आल्यावर मोटार उचलली का, पाणी पडतंय का, हे घरून बघता यावं एवढ्यासाठीच मी कॅमेरा घेतला होता. आणि नेमकं आठ ते अकरा चित्र जागचं हलायचं नाही. काड्या चारच्या चार, पण गोल चक्र फिरत राहायचं. दहा मिनिटं वाट बघून वडील टॉर्च घेऊन निघायचे. हळदीच्या सरीतून, अंधारात, सत्तरीच्या वयात. ते मला सहन होईना.

कारण साधं आहे. अँटेना आखाडा आणि टॉवर यांच्यातला सिग्नल सुधारतो, टॉवरची क्षमता वाढवत नाही. संध्याकाळी सगळं गाव त्याच टॉवरवर असतं. कंपनीकडे तक्रार केली तर ‘सिग्नल चांगला आहे’ एवढंच उत्तर मिळालं, आणि ते खोटंही नव्हतं. बाजारात मिळणाऱ्या मोबाईल सिग्नल बूस्टरच्या वाटेला जाऊ नका. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे. 5 गिगाहर्ट्झच्या जोडीला मात्र ठरलेल्या पॉवरच्या मर्यादेत लायसन्स लागत नाही. सरकारनं 2018 मध्ये हा फ्रिक्वेन्सीचा पट्टा मोकळा केला.

जोडीलाही त्रास आहे, आणि त्याचं नाव ऊस. सुरुवातीला मी शेतातलं डिव्हाइस पत्र्याच्या आढ्याला, दहा फुटांवर लावलं. मार्चमध्ये ऊस गुडघ्याएवढा होता, लिंक झकास. पावसाळा सरता सरता ऊस डोक्यावर गेला आणि लिंक तुटायला लागली. नुसतं पलीकडचं टोक दिसून भागत नाही; लहर मधोमध फुगते. 1.4 किलोमीटरला 5.8 गिगाहर्ट्झवर हा फुगवटा मधल्या रेषेपासून साधारण सव्वाचार मीटर येतो, आणि त्यातला निदान 60 टक्के भाग मोकळा लागतो, म्हणजे अडीच मीटर. साडेतीन मीटरचा ऊस धरला की सहा मीटर झाले. जीआय पाईपची अख्खी नळी वीस फुटांची, म्हणजे तेवढीच असते. ती उभी करून तिन्ही बाजूंनी तारेचे ताण दिले. गच्ची आधीच उंच होती.

दिशा जुळवायला दोन माणसं लागतात. पुतण्या गच्चीवर, मी शिडीवर, दोघं फोनवर. तो सिग्नलचा आकडा वाचायचा, शून्याकडं सरकेल तितका चांगला: वजा 78, वजा 74. मी डिव्हाइस बोटभर फिरवायचो, थांबायचो, आकडा स्थिर झाला की परत बोटभर. वजा 61 ला पट्टा आवळला. चॅनेलची रुंदी, म्हणजे लिंक फ्रिक्वेन्सीची किती जागा घेते ती, कमीच, 20 मेगाहर्ट्झ ठेवली. वेग थोडा कमी मिळतो, पण कॅमेऱ्याला पुरून उरतो आणि लिंक हलत नाही.

शेतातली लाईट बेभरवशाची, म्हणून तिकडं सोलर पॅनल आणि 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, पुढे 24 व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर. घरचा राउटर आणि गच्चीवरचं डिव्हाइस इन्व्हर्टरवर. डिव्हाइसला नेट आणि वीज दोन्ही नेणारी केबल शुद्ध तांब्याची आणि बाहेर वापरायचीच घ्या; ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते, पण लांब ओढली की व्होल्टेज पडतं. मे महिन्यातल्या विजा आपल्याकडं ठाऊकच आहेत, तेव्हा पाईपला अर्थिंग हवंच.

तुमच्याकडं मधे आमराई किंवा टेकाड असेल, किंवा गावात फायबरच नसेल, तर सिमचाच राउटर बरा. उगाच पाईपवर खर्च करू नका. तुमचा टॉवर संध्याकाळीही मोकळा असेल तरी तेच. पण आधी मोबाईल घेऊन रात्री नऊला आखाड्यावर जा आणि व्हिडिओ चालवून बघा, दुपारी नव्हे. रान सपाट आणि घरी फायबर असेल तर मी जोडीकडंच झुकेन.

सिमचा राउटर मी विकलेला नाही. फायबर तुटलं की घरात तोच जोडतो. नेट हळू चालतं, पण आखाड्यावरचं काही हलवावं लागत नाही आणि वडिलांना मोटारीची धार दिसत राहते.