कॉन्डोलीझा राइस यांच्या आई-वडिलांचे चरित्र

२००५ ते २००९ या काळात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री असलेल्या कॉन्डोलीझा राइस यांचे ‘एक्स्ट्राऑर्डिनरी, ऑर्डिनरी पीपल’ हे २०१० साली प्रकाशित झालेले आत्मकथन सत्तावर्तुळातील हकिकतींच्या ओढीने हाती घेणाऱ्याची निराशा होईल. कारण ते मुख्यतः त्यांच्या आई-वडिलांचे चरित्र आहे, आणि माझ्या मते तेच त्याचे बळ आहे.

राइस यांचा जन्म १९५४ मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे झाला. शाळेपासून पिण्याच्या पाण्याच्या नळापर्यंत सारे वर्णभेदाने विभागलेल्या या शहरात प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे पाळक (धर्मगुरू) असलेले वडील आणि शिक्षिका आई यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीभोवती पियानो, पुस्तके आणि चर्च यांचे एक निराळेच जग उभे केले. दुकानात मुलीचा झगा गोऱ्यांसाठी राखलेल्या खोलीऐवजी अडगळीच्या खोलीत घालून पाहा, असे सांगणाऱ्या गोऱ्या विक्रेतीला आई थंडपणे बजावते की, तसे असेल तर आम्ही खरेदी दुसरीकडे करू. आणि कमिशन बुडण्याच्या भीतीने विक्रेती नमते. प्रसंग सुरेख उतरला आहे. मात्र हा बाणेदारपणा दाखवण्यासाठी हाती खरेदीचे पैसे असावे लागत, आणि त्याच शहरातील ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे ते नव्हते त्यांच्याविषयी लेखिका फारसे बोलत नाही, हे खटकते.

पुस्तकाचा सर्वांत कसदार भाग १९६३ सालचा आहे. त्या वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅममधील कृष्णवर्णीयांच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ११ वर्षांची डेनिस मॅकनेर ही राइस यांची बालमैत्रीण होती. त्या दहशतीच्या दिवसांत वडील शेजाऱ्यांसह बंदुका घेऊन रात्री वस्तीवर पहारा देत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्च्यांत मात्र ते सामील झाले नाहीत, कारण अंगावर कोणी लाठी उगारली तर आपल्याकडून अहिंसा पाळली जाणार नाही, अशी त्यांची खात्री होती. वडिलांची ही भूमिका लेखिकेने लपवलेली नाही की तिला मुलामाही दिलेला नाही, आणि पुढे नागरिकांच्या बंदुकांवरील निर्बंधांविषयी स्वतः राइस यांना वाटणाऱ्या साशंकतेचे मूळही याच पहाऱ्यात आहे.

राइस जिथे शिकल्या ते डेन्व्हर आणि जिथे त्यांनी शिकवले ते स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या प्रकरणांत नेमणुका व नावे यांची गर्दी होऊन कथन सैल पडते. २००० सालच्या डिसेंबरमधील वडिलांच्या मृत्यूपाशी मात्र ते पुन्हा सावरते. सवड कमी असणाऱ्यांनी निदान बर्मिंगहॅमची प्रकरणे तरी अवश्य वाचावीत.