नाकावरची गाठ: नेहमीची शस्त्रक्रिया की मोज शस्त्रक्रिया?
नाकाच्या शेंड्यावर बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कर्करोग) झाला, की एकेक मिलिमीटर मोलाचा. नेहमीच्या शस्त्रक्रियेत गाठीभोवतीची साधारण 4 मिमी निरोगी दिसणारी त्वचाही काढतात, टाके घालतात आणि तुकडा तपासणीला पाठवतात. तिथे पावासारखे काप घेतात. दोन कापांमधली कड न पाहिलेलीच राहते.

अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक मोज यांनी 1930च्या दशकात सुरू केलेल्या मोज पद्धतीत पातळ थर काढून त्याची जवळजवळ संपूर्ण कड आणि तळ लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कर्करोग उरला असेल तेवढ्याच जागी पुन्हा थर. वेळ आणि खर्च मात्र जास्त.

पाठीवरच्या छोट्या गाठीला साधी शस्त्रक्रिया पुरे. पापणी, नाक किंवा परत उलटलेली गाठ असेल, तर माझा कौल मोज पद्धतीला.