व्हिसा कुठला घ्यावा: विमानतळावरचा, ऑनलाइन की दूतावासातला?

व्हिसाच्या प्रकारांची यादी करायला बसलं तर पानं भरतील. फिरायला निघालेल्या माणसासमोर मात्र बहुतेकदा तीनच वाटा असतात: उतरल्यावर विमानतळावर मिळणारा व्हिसा, घरबसल्या काढायचा ई-व्हिसा आणि दूतावासाकडे रीतसर अर्ज करून घेतलेला व्हिसा. तिन्हीकडे देश तेच विचारतो. तुम्ही कोण, कशासाठी आलात, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार आणि परत कधी जाणार? हे कुठे आणि केव्हा विचारलं जातं, एवढाच फरक आहे. माझ्या मते निवड त्यावरूनच करावी, अर्ज किती सोपा आहे त्यावरून नाही.

त्याआधी एक गोष्ट. ब्रिटनचा ईटीए, अमेरिकेचा एस्टा आणि कॅनडाचा ईटीए हे व्हिसा नाहीत. ज्यांच्या पासपोर्टला व्हिसामाफी आहे, त्यांच्यासाठीची ती आगाऊ परवानगी आहे. ज्याला व्हिसा लागतो त्याला त्यांचा उपयोग शून्य. म्हणून सुरुवात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या पासपोर्टचा नियम पाहून करायची. सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळं शोधात हमखास वर दिसतात आणि त्याच अर्जाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

विमानतळावरचा की ऑनलाइन?

विमानतळावरचा व्हिसा सगळ्यांत सोपा वाटतो, कारण निघण्यापूर्वी काहीच करावं लागत नाही. पण नकार आला तर तो तिकीट, हॉटेल, रजा सगळं खर्ची पडल्यावर येतो. शिवाय पहिली तपासणी परक्या देशात होतच नाही, ती चेक-इन काउंटरवर होते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही होऊ शकतो. त्यामुळे परतीचं तिकीट आणि पासपोर्टची उरलेली मुदत तिथेच पाहतात. अनेक देशांना ती सहा महिने हवी असते. एकच देश, थोडे दिवस आणि परतीचं तिकीट हातात असेल तर हा पर्याय चांगला आहे. मुक्काम लांबण्याची शक्यता असेल तर मुदतवाढीचा नियम आधी पाहून ठेवा. इंडोनेशियात हा व्हिसा ३० दिवसांचा मिळतो आणि एकदाच आणखी ३० दिवसांनी वाढतो.

दोन्ही सोयी असतील तर मी डोळे झाकून ई-व्हिसा घेईन. नकार आलाच तर घरी येतो. मात्र इथे अर्ज वाचणारा तुम्हाला पाहत नाही, फक्त रकाने पाहतो. नाव पासपोर्टवर छापलंय तसंच हवं. आडनावाच्या रकान्यात पहिलं नाव गेलं तरी अडचण होते. ई-व्हिसा बऱ्याचदा ठरावीक नाक्यांवरच चालतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदा किंवा अनेकदा प्रवेशाचा, पण यादीतल्या विमानतळ, बंदर आणि सीमानाक्यांवरूनच. बसने सीमा ओलांडायचा बेत असेल तर ही यादी आधी पाहा.

दूतावासाची वाट

इथे निवड तुमच्या हातात फारशी नसते. बहुतेकदा दुसरा मार्गच नसतो. कागदपत्रं, बोटांचे ठसे, कधी मुलाखत, असा वेळखाऊ मामला. पण कसून तपासणी निघण्यापूर्वी होत असल्याने पुढचा प्रवास बराच निर्धास्त होतो.

शेंगेन हा युरोपातल्या देशांचा गट याचं उत्तम उदाहरण. २९ देशांना मिळून एकच व्हिसा, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण १५ दिवस, अडलं तर ४५. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि परतीनंतर तीन महिने चालणारा हवा. अर्ज जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस समान असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करायचा आणि तिथे दोन रात्रींचं बुकिंग दाखवायचं, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. बेत आणि अर्ज जुळत नाहीत हे व्हिसा अधिकाऱ्याला दिसतं, आणि तिथून सुटलात तरी सीमेवर विचारतातच.

ब्रिटन आणि अमेरिका वेगळ्या पद्धतीने विचार करतात. ब्रिटनचा निर्णय बहुतांशी कागदांवर होतो. बँक खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम तिथे खटकते, कारण ती कुठून आली हे कागद सांगत नाहीत. अमेरिकेत डीएस-१६० अर्जानंतर सारा भर काही मिनिटांच्या मुलाखतीवर असतो. तिथला कायदा अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरतो आणि ते खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर टाकतो. म्हणून नोकरी, घर, कुटुंब यांबद्दल सरळ, थोडक्यात उत्तरं द्यावीत. नकारानंतरही फरक आहे: शेंगेनच्या नकारावर अपील करता येतं, अमेरिकेच्या बी१/बी२ (कामानिमित्त भेट आणि पर्यटनाचा व्हिसा) नकारावर अपील नाही, पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करावा लागतो.

एकदा की अनेकदा?

इथे लोक सर्वाधिक फसतात. पॅरिसला उतरायचं, मध्ये लंडन आणि परतीचं विमान पुन्हा पॅरिसहून, असा बेत असेल तर एकेरी प्रवेशाचा शेंगेन व्हिसा लंडनला जाताच संपला. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आयर्लंड आणि सायप्रसही नाहीत. नकाशावर सीमा किती वेळा ओलांडता ते मोजा आणि तेवढे प्रवेश अर्जात मागा. अमेरिकेत विमान बदलतानाही इमिग्रेशनमधून जावं लागतं, त्यामुळे तिथून पुढे जायचं असेल तरी व्हिसा किंवा एस्टा लागतोच.

व्हिसा हातात आला की मुदत आणि मुक्काम हे दोन आकडे वेगवेगळे वाचा. ब्रिटनचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा असला तरी एका भेटीत सहसा सहाच महिने राहता येतं. अमेरिकेत किती दिवस राहायचं ते व्हिसावर नसतं. ते प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो आणि आय-९४ या नोंदीत लिहितो. शेंगेनच्या स्टिकरवर तारखांच्या चौकटीत सहसा १५ दिवस जास्तीचे धरलेले असतात, म्हणून दिवसांचा वेगळा रकाना पाहायचा. नाव, पासपोर्ट क्रमांक किंवा प्रवेशांची संख्या चुकलेली दिसली तर त्याच दिवशी दूतावासाला कळवा.