बाजारातली बिनलेबलची मलमाची डबी

कापूस वेचणीचे दिवस आले की खान्देशातल्या आठवडे बाजारात असा एक विक्रेता हमखास दिसतो. खाली ताडपत्री, तिच्यावर वाळलेल्या मुळ्या आणि साली, मधे पांढऱ्या डब्यांची रास, हातात माइक. गिऱ्हाईकही ठरलेलं असतं. बोंडाच्या वाळलेल्या टोकदार कडांनी बोटं खरचटलेल्या वेचणीच्या बाया, रावेर-यावलकडचे केळीच्या चिकात काम करणारे मजूर, नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर दिवसभर ती हाताळणाऱ्या बाया. त्यात थंडी आणि धुण्याचा सोडा. हात आधीच उललेले असतात.

"माय, हात पुढे कर." तो उललेल्या बोटांवर मलम खसखसून चोळतो आणि फडक्याने पुसतो. फडक्यावर काळपट मळाच्या वळ्या येतात. "बघा, आतली घाण निघाली!" आतलं काही निघालेलं नसतं. कोणताही तेलकट पदार्थ चोळला तरी मेलेली कातडी आणि साचलेला मळ असाच गोळा होऊन येतो. साध्या खोबरेल तेलानेही येईल. चोळल्यावर लागणारा गारवा मेंथॉलचा किंवा कापराचा. त्याने खाज काही वेळ जाणवत नाही, भेग मात्र तेवढीच राहते.

इथवर फार तर पैसे बुडाले म्हणायचे. खरी फसवणूक घरी गेल्यावर सुरू होते. दोन-तीन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि बाई शेजारणीसाठी अजून दोन डब्या आणते. इथेच शंका यायला हवी. कोरड्या, फुटलेल्या कातडीचा वरचा थर नीट भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. 'जडीबुटी'ने ते तीन दिवसांत झालं, तर डबीत स्टेरॉइड असण्याचा संशय धरावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन ही त्यातली नेहमीची नावं. स्टेरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लाली जाते. मूळ कारण तिथेच राहतं. डबी संपली की खाज परत येते, बहुतेकदा आधीपेक्षा जोरात. मग पुन्हा डबी.

तळहाताची कातडी जाड असते, म्हणून नुकसान आधी हाताच्या मागच्या बाजूला दिसतं: कातडी पातळ होऊन चकाकते, शिरा उठून दिसतात, जरा लागलं तरी काळानिळा डाग पडतो. कातडी फुटणं एका हातालाच असेल आणि पायांच्या बोटांतही खाज असेल, तर ते कोरडेपण नसून बुरशी असू शकते. स्टेरॉइडने बुरशीची लाली झाकली जाते आणि आतून ती पसरत राहते. पुढे डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. उरलेलं मलम तोंडाला लावणं त्याहून वाईट. पुरळ, लाली, नको तिथे केस, सगळं त्यातून येतं.

स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे, हेही सांगायला हवं. त्वचारोगाचे डॉक्टर इसबावर तेच देतात, पण ठरावीक दिवस आणि मोजून: तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी ट्यूबमधली रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एका हाताच्या पंजाच्या दोन्ही बाजूंना पुरते. डबीत कोणतं स्टेरॉइड आहे, किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

घेताना डबी उलटी करून बघा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, घटक, वजन, किंमत. आयुर्वेदिक औषधालाही परवाना क्रमांक लागतोच. 'गावठी आहे, लेबल कशाला' असं कुणी म्हणालं की पिशवी उचलावी आणि पुढे चालावं.

नुसते कोरडे हात असतील तर औषध दुकानातली साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली पुरते. हात कोमट पाण्याने धुवा, टिपून घ्या आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, पातळ थर लावा. पार कोरडे झाल्यावर लावली तर आत धरून ठेवायला ओल उरतच नाही. रात्री भेगांत जरा जास्त भरून वर जुने सुती मोजे घालावेत. ग्लिसरीन निव्वळ लावू नका, भेगांत झोंबतं. एका भागाला दोन भाग पाणी घाला. लिंबू तर नकोच. भेगांची आग होते, आणि रस लागलेल्या हातांवर ऊन पडलं तर फोड येऊन काळे डाग राहतात. भांडी-धुण्याला रबरी हातमोजे, आतून सुती; आत पाणी गेलं की काढून वाळवायचे, नाहीतर तेच जास्त चिघळवतात.

डबी महिनोन्महिने लावून झाली असेल तर ती सोबत घेऊनच त्वचारोग विभागात जा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लेप किती दिवस आणि कुठे कुठे लावला ते लपवू नका. अचानक बंद करायचा की हळूहळू, ते त्यावरच ठरतं. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात करता येते, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. पावती नसतेच, म्हणून अर्धी वापरलेली डबी तशीच झाकून ठेवा, धुऊन तिच्यात लोणचं भरू नका. विक्रेत्याच्या गाडीचा नंबर आणि बाजाराचा वार लिहून ठेवलात तर पुढच्या आठवड्यात तो सापडण्याची शक्यता बरीच वाढते.