उघडी मुळं झाकून देतो म्हणाला, आणि झाडच अधू करून गेला

लॉनमधल्या आमच्या गुलमोहराची मुळं काही वर्षांपासून वर दिसायला लागली होती. गवत कापायच्या मशीनचं पातं लागून त्यांची साल निघायची. लॉनचं काम करणाऱ्या एकाने ते पाहिलं आणि म्हणाला, "मुळं वर आली म्हणजे झाडाची पकड सुटली. पुढच्या वादळात घरावर पडेल." मी घाबरले आणि त्याच दिवशी सगळे पैसे देऊन टाकले. पावती नाही, नेमकं काय करणार तेही लिहून घेतलं नाही.

दोन दिवसांत त्याने वर आलेली मुळं कुऱ्हाडीने छाटली. कापल्या जागी काळा रंग फासला. 'मुळांचं औषध' म्हणून त्याचे पैसे वेगळे. वर प्लास्टिक अंथरलं, फूटभर मातीची भर टाकली, ती थेट बुंध्याला भिडवली आणि गवत लावलं. दिसायला सुंदर! ५ वर्षांची हमी दिली, तीही तोंडीच.

पुढच्या वर्षी पानं बारीक आली. त्यानंतरच्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या. त्याचा फोन लागत नव्हता.

शेवटी एका वृक्षतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी बुंध्याजवळची माती हाताने उकरली, तर खाली कुबट वास आणि मऊ पडलेली साल. त्या म्हणाल्या, पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, कारण हवा तिथेच मिळते. मुळंही खोडासारखी दरवर्षी जाड होतात, वरची माती वाहून जाते, म्हणून ती दिसतात. यात पकड सुटण्याचा संबंध नाही. पकड सुटते ती जाड मुळं तोडल्यावर. म्हणजे ज्याची भीती घातली, तेच त्याने पैसे घेऊन केलं. हे ऐकून मला रडू आलं.

खरं काम एका सुट्टीच्या दिवसाचं होतं. मुळांवरचं गवत हाताने काढायचं, लाकडाच्या ढलप्यांचा दोन-तीन इंचांचा थर द्यायचा, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवायची आणि तिथे मशीन फिरवायचं नाही. खाली प्लास्टिक तर मुळीच नको. कुणी मुळं छाटू किंवा भर टाकू म्हणालं, तर आगाऊ पैसे देण्याआधी कुठली मुळं आणि किती माती, हे लिहून मागा.

आम्ही प्लास्टिक आणि माती हळूहळू काढली. मुळं तोडलेल्या बाजूला दोर बांधलाय, मुलांना तिकडे जाऊ देत नाही. यंदा खालच्या एका फांदीला पालवी आली आहे. शेंडा अजून कोरडाच आहे.