स्नोड्रॉपच्या खरेदीत झालेली फसवणूक आणि सशांवर घातलेला आळ

इंग्लंडमध्ये शेताला लागून ज्यांची बाग आहे आणि त्या बागेत रानटी सशांची ये-जा आहे, अशा सर्वांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. 'सशांपासून पूर्ण सुरक्षित अशी खास विकसित केलेली जात' म्हणून स्नोड्रॉपची (हिवाळा सरताना पांढरी फुले देणाऱ्या कंदाची) जाहिरात करणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याने आमच्याकडून १६५ पौंड घेतले, कबूल केलेल्या जातीऐवजी भलतेच आणि बहुतांशी निर्जीव झालेले कंद पाठवले, आणि तक्रार केल्यावर सगळा दोष सशांवर टाकला. हा शेवटचा भाग मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण ज्याच्या बागेत ससे खरोखरच येतात त्याला ते उत्तर चटकन पटते आणि तो पुढे काही न बोलता गप्प बसतो.

आमचे घर ग्लॉस्टरशरमध्ये, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. महाराष्ट्रात माळरानावर दिसणारा ससा बहुधा एकटा असतो आणि तो बीळ खणत नाही. इथला ससा मात्र बिळे खणून टोळीने राहतो, आणि कुंपणापलीकडच्या बांधात एकदा त्याची वसाहत झाली की पहाटे व संध्याकाळी बागेत त्याची हजेरी ठरलेली असते. आमच्याकडे क्रोकसची फुले आणि ट्युलिपचे कोवळे कोंब तो जमिनीलगत कुरतडून टाकतो. त्यामुळे हिवाळा सरताना फुलणारे आणि सशांनी सोडून दिलेले असे काही लावावे, या विचाराने आम्ही स्नोड्रॉपकडे वळलो होतो, आणि नेमकी हीच गरज ओळखून ती जाहिरात लिहिलेली होती.

जाहिरातीत तीन गोष्टी सांगितल्या होत्या. 'एस. अर्नॉट' या नामांकित जातीचे कंद मिळतील, ते 'इन द ग्रीन' म्हणजे फुलोरा संपल्यावर पाला हिरवा असतानाच उपटून ओले पाठवले जातील, आणि हा वाण सशांनी तोंड लावू नये म्हणून मुद्दाम तयार केलेला असल्यामुळे त्याची किंमत नेहमीपेक्षा जास्त आहे. सोबत सशांना दूर ठेवणारी एक 'नैसर्गिक' भुकटीही मिळणार होती. सगळे मिळून एकच संच, एकच किंमत. छायाचित्र सुरेख होते: झाडाखाली पसरलेला पांढरा ताटवा आणि त्याच्या कडेला निवांत बसलेला एक ससा.

यातले पहिले असत्य त्या सशाविषयीचे आहे. स्नोड्रॉपच्या कंदात आणि पानांत गॅलँटामीन व लायकोरीन यांसारखी विषारी अल्कलॉइडे असतात आणि ती सर्वच स्नोड्रॉपमध्ये आढळतात. गावातल्या चर्चच्या आवारात आपोआप पसरणाऱ्या साध्या स्नोड्रॉपमध्येही ती असतात. १९५०च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी स्नोड्रॉपच्याच एका प्रजातीतून गॅलँटामीन वेगळे केले आणि आज ते अल्झायमरच्या रुग्णांना औषध म्हणून दिले जाते. या द्रव्यांमुळे ससे, खारी आणि हरणे स्नोड्रॉपला सहसा हात लावत नाहीत. म्हणजे निसर्गाने प्रत्येक स्नोड्रॉपला फुकट दिलेला गुण हा विक्रेता 'खास वाण' म्हणून वेगळे पैसे लावून विकत होता. दुसरी बाजूही सांगायला हवी. कडक थंडीत गवत बर्फाखाली गेले की भुकेला ससा एखादे फूल चावून पाहतो, नव्याने उकरलेली भुसभुशीत माती त्याला खणायला आवडते, आणि त्यात नुकताच लावलेला कंद उघडा पडू शकतो. म्हणून 'सहसा खात नाहीत' एवढेच प्रामाणिक विक्रेता म्हणेल. 'पूर्ण सुरक्षित' अशी हमी देणारा माणूस एक तर सशांना ओळखत नाही किंवा गिऱ्हाइकाला फसवत असतो.

दुसरे असत्य जातीचे. 'एस. अर्नॉट' हे नाव स्कॉटलंडमधील सॅम्युएल अर्नॉट या बागप्रेमी गृहस्थांवरून पडले आहे. उंच दांडा, मोठे गोलसर फूल आणि मधासारखा गंध यांसाठी ही जात प्रसिद्ध आहे. अशा नामांकित जाती बियांपासून हुबेहूब उतरत नाहीत. कंदांची विभागणी करून किंवा कंदाचे तुकडे करून ते रुजवूनच त्या वाढवाव्या लागतात, त्याला वर्षे लागतात, आणि म्हणून त्यांची किंमत साध्या कंदांपेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे. दुर्मीळ जातींचे तर विचारूच नका. २०१२ मध्ये 'एलिझाबेथ हॅरिसन' या पिवळ्या खुणांच्या स्नोड्रॉपचा एक कंद ईबेवरील लिलावात ७२५ पौंडांना गेला आणि २०१५ मध्ये 'गोल्डन फ्लीस'च्या कंदाने हजार पौंडांचा टप्पा ओलांडला. ज्या बाजारात दोन बोटांत मावणाऱ्या कंदाला एवढी किंमत येते आणि सुप्तावस्थेत सगळे कंद जवळजवळ सारखेच दिसतात, तिथे लबाड माणसे शिरणार हे उघड आहे.

पैसे आम्ही फेब्रुवारीत भरले. मार्च संपत आला तरी माल आला नाही. विचारणा केली तेव्हा जमीन फार ओली आहे असे उत्तर आले, नंतर मजूर नाहीत असे, आणि अखेरीस 'पाला वाळून कंद सुप्तावस्थेत गेल्यावर पाठवणे रोपासाठी अधिक हितकर आहे' असे एक लांबलचक पत्र आले. स्नोड्रॉपच्या बाबतीत हे विधान दिशाभूल करणारे आहे. कांद्याला किंवा ट्युलिपला जसे जाड, कोरडे आवरण असते तसे संरक्षण स्नोड्रॉपच्या कंदाला नसते. तो जमिनीबाहेर राहिला की आतला ओलावा झपाट्याने गमावतो, आणि गोदामात काही आठवडे पडून राहिलेला कंद वरून ठीक दिसला तरी आतून सुकलेला असतो. म्हणूनच इथले अनेक जाणकार फुलोऱ्यानंतर हिरव्या पाल्यासह उपटून लगेच लावण्याचा आग्रह धरतात. आमच्या हाती सप्टेंबरमध्ये तपकिरी कागदी पिशवीतले कोरडे कंद पडले. ते आम्ही हेझलच्या झाडांखालच्या सावलीत, कुजलेल्या पानांचे खत घालून, सांगितलेल्या खोलीवर लावले.

या विलंबामागचा हिशेब नंतर लक्षात आला. ऑनलाइन खरेदी रद्द करण्यासाठी माल मिळाल्यापासून चौदा दिवसांची मुदत असते, आणि सदोष माल सरळ परत करून पूर्ण पैसे मागण्यासाठी तीस दिवसांची. सप्टेंबरमध्ये मातीत गेलेला स्नोड्रॉप वर येतो जानेवारीत. दोन्ही मुदती उलटून जाईपर्यंत आपल्याला काय मिळाले आहे हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्गच नसतो.

जानेवारीच्या अखेरीस वाफ्याचा बहुतेक भाग रिकामाच होता. जे थोडे कोंब आले त्यांची पाने रुंद, चकचकीत आणि गडद हिरवी होती, व एक पान दुसऱ्याला गुंडाळून वर येत होते. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण फूल उमलण्याआधीच ती करता येते. साध्या स्नोड्रॉपची पाने अरुंद व राखाडी छटेची असतात आणि कोंब फुटताना हात जोडल्यासारखी सपाट एकमेकांना टेकलेली दिसतात, 'एस. अर्नॉट'ची पानेही अशीच राखाडी-हिरवी असतात. रुंद, राखाडी आणि एकमेकांत गुंडाळलेली पाने 'एल्वेसी' या तुर्कस्तानातून येणाऱ्या प्रजातीची असतात. रुंद पण चकचकीत हिरवी पाने 'वोरोनोवी'ची, जिचे कंद जॉर्जियातून मोठ्या प्रमाणावर येतात आणि दुकानांत कोरड्या स्थितीत अगदी स्वस्तात मिळतात. आमच्या वाफ्यात ही शेवटची प्रजाती होती. तिचा काही दोष नाही, तीही सुंदर फुलते. पण आम्ही तिचे पैसे भरले नव्हते.

तक्रारीला उत्तर आले ते असे: 'तुमच्या बागेत ससे येतात हे तुम्हीच कळवले होते. कोंब सशांनी खाल्ले आहेत. भुकटी सूचनेप्रमाणे टाकली नसल्यास आमची जबाबदारी नाही.' जो वाण ससे खातच नाहीत म्हणून विकला, तोच सशांनी खाल्ला असे सांगताना त्यांना कसलीही अडचण वाटली नाही. याचा मला मनस्वी राग आला. खरेदीच्या वेळी सशांविषयी आपुलकीने विचारपूस करून घेतलेली माहिती त्यांनी आमच्याविरुद्ध वापरली होती.

सशाने खाल्ले की नाही हे बागेत पाहून ठरवता येते, आणि ज्यांना असे उत्तर मिळेल त्यांनी ते जरूर पाहावे. ससा वरच्या व खालच्या अशा दोन्ही दातांनी चावतो, त्यामुळे उरलेल्या देठावर तिरका, स्वच्छ काप दिसतो. हरणाला वरचे पुढचे दात नसल्याने त्याने तोडलेले टोक फाटल्यासारखे असते. सशाच्या वावराच्या ठिकाणी वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या आणि उथळ उकरलेले खड्डे आढळतात. आमच्या वाफ्यात चावलेला एकही देठ नव्हता, माती उकरलेली नव्हती. रिकाम्या जागा मी हाताने हलकेच उकरल्या तेव्हा कंद लावले तिथेच होते: सुरकुतलेले, दाबले की आत पोकळ लागणारे, काहींना बुरशी आलेली, आणि मूळ फुटल्याची खूण एकावरही नव्हती. ज्याला मूळच फुटले नाही त्याला कोंब कुठून येणार आणि ससा खाणार तरी काय? शिवाय याच कुंपणाच्या कडेला आधीच्या घरमालकांच्या काळापासून साधे स्नोड्रॉप दर वर्षी फुलतात, तेच ससे त्यांच्यामधून ये-जा करतात, आणि ते ताटवे त्या वेळीही अबाधित उभे होते. या सगळ्याची छायाचित्रे, मापाची पट्टी शेजारी ठेवून, मी काढून ठेवली.

पैसे परत मिळाले ते या छायाचित्रांमुळे आणि दोन कायद्यांमुळे. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल वर्णनाप्रमाणे असावा लागतो, आणि मिळाल्यापासून सहा महिन्यांत दोष दिसला तर तो सुरुवातीपासूनच होता असे सर्वसाधारणपणे मानले जाते; तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असतो. सप्टेंबर ते जानेवारी हा काळ त्या मुदतीत बसतो, म्हणजे ससे दोषी आहेत हे त्यांनी दाखवायला हवे होते. विक्रेत्याने दाद दिली नाही तेव्हा १९७४च्या ग्राहक पतकायद्याचे ७५वे कलम उपयोगी पडले. एका वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त असेल आणि पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील, तर विक्रेत्याइतकीच जबाबदारी कार्ड देणाऱ्या संस्थेवर येते. संच एकच वस्तू म्हणून विकलेला असल्याने आमचा दावा मान्य झाला. त्या विक्रेत्याने सुरुवातीला थेट बँक खात्यात पैसे पाठवल्यास सवलत देऊ केली होती. ती स्वीकारणाऱ्यांना हे कलम उपलब्ध नसते. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक मदतवाहिनीकडेही आम्ही नोंद केली, तेथून अशी माहिती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी विभागाकडे जाते.

त्या पिशवीत आणखी एक गोष्ट नव्हती. ऑनलाइन विकलेल्या लागवडीच्या रोपांना व कंदांना इथे 'प्लँट पासपोर्ट'ची चिठ्ठी लावावी लागते आणि तिच्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक व मूळ देश यांची नोंद असते. आमच्या कंदांना अशी चिठ्ठी नव्हती, म्हणजे ते कुठल्या डोंगरातून उपटून आणले हे कळण्याची सोय नव्हती. स्नोड्रॉपच्या सर्व प्रजाती १९९०पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, कारण रानातून बेसुमार उपसा होऊन त्या संपण्याची भीती होती. इंग्लंडमध्येही जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानरोप मुळासकट उपटणे १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आपण दिलेल्या पैशांनी कुठल्या तरी जंगलाचा तुकडा उजाड झाला असेल, हा विचार मला त्या १६५ पौंडांहून जास्त टोचतो. भुकटीच्या पाकिटावरही ना घटकांची नावे होती, ना परवानगीचा क्रमांक. मुलांचा वावर असलेल्या बागेत ती टाकण्याचा प्रश्नच नव्हता.

ज्यांना स्नोड्रॉप लावायचे आहेत त्यांनी फेब्रुवारीत प्रत्यक्ष जाऊन, फूल व पान पाहून कुंडीतले किंवा हिरव्या पाल्याचे रोप घ्यावे. ग्लॉस्टरशरमधील कोल्सबोर्न पार्क, केंब्रिजशरमधील अँग्लसी ॲबी, स्कॉटलंडमध्ये फाइफमधील कॅम्बो येथील ताटवे पाहिले तरी कोणती जात कशी दिसते हे डोळ्यांत बसते. कोल्सबोर्नला तर मुद्दाम जावे: १८७४ मध्ये तुर्कस्तानातून 'एल्वेसी' आणणाऱ्या हेन्री जॉन एल्वेस यांचे ते घर. नवीन लागवडीला पहिल्या हिवाळ्यात जाळी लावलेली बरी. जाळीची भोके तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावीत आणि तिचा खालचा भाग जमिनीखाली नेऊन सशांच्या बाजूला, म्हणजे बाहेर, वळवावा, नाहीतर ते खालून खणून आत येतात.

त्या विक्रेत्याचे पान काही काळ बंद झाले होते. यंदा तेच छायाचित्र, तोच ताटवा आणि तोच ससा, वेगळ्या नावाच्या दुकानात पुन्हा दिसत आहे. किंमत थोडी उतरवली आहे, 'एस. अर्नॉट'ऐवजी दुसऱ्या जातीचे नाव घातले आहे, भुकटीचे पाकीट तसेच आहे, आणि बँक खात्यात पैसे भरणाऱ्यांना सवलतही तशीच आहे. खरेदीच्या अर्जात 'तुमच्या बागेत ससे येतात का?' असा प्रश्न आढळला तर तो अर्ज भरू नका आणि त्या पानाची तक्रार करा.