लग्नाच्या दिवशीच फोटो, की नंतर निवांत?

लग्नाच्या दिवशी फक्त दोघांच्या फोटोंसाठी कागदावर पाऊण तास ठरलेला असतो. मग विधी लांबतात, कुणीतरी उशिरा पोहोचतं, आणि आम्हा फोटोग्राफरच्या वाट्याला येतात जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातली पाच कपडे सावरण्यात जातात. नवरीने मान वळवली, नवऱ्याचे खांदे जरा सैल पडले, की मागून हाक येते, "झालं का? सगळे खोळंबलेत!" पुढच्या प्रत्येक फोटोत दोघांचे डोळे कॅमेऱ्याकडे आणि कान दाराकडे.

म्हणून पुष्कळ जण विचारतात, हेच फोटो चार-आठ दिवसांनी काढले तर? कपडे लग्नाचेच, पण पाहुणे नाहीत, घाई नाही. कल्पना तशी जुनीच. एकोणिसाव्या शतकात कॅमेरा अवजड होता आणि काही सेकंद अजिबात न हलता बसावं लागायचं. तेव्हा जोडपी लग्नाच्या पोशाखात सवडीने स्टुडिओतच जायची. माझा कल नंतरच्या शूटकडे आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढी सूट धरता येईल.

कल तसा होण्याचं मुख्य कारण प्रकाश. लग्नाची वेळ फोटोग्राफर ठरवत नाही. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि नाकाखाली मिशीसारखा डाग दिसतो. आत हॉलमध्ये यावं, तर दिवे पिवळे, सुमारे ३००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका निळा), आणि खिडकीतून येणारा उजेड साडेपाच हजारांच्या आसपास. एकाच चेहऱ्याचा एक गाल नारिंगी, दुसरा निळसर. एडिटिंगमध्ये एक सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो. नंतरच्या शूटला मात्र वेळ आपल्या हातात असते. सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांच्या आत आला की उजेड मऊ आणि आडवा होतो. याला गोल्डन अवर म्हणतात, पण नावावर जाऊ नका. विषुववृत्ताजवळ तो पंचवीसेक मिनिटांत आटोपतो. ध्रुवांच्या दिशेने जावं तसा लांबत जातो. म्हणून जोडप्याला मी सूर्यास्ताच्या दीड तास आधी बोलावतो. पहिला तास अवघडलेपण जायला, उरलेला फोटोंना.

हे अवघडलेपण दोन्हीकडे असतं. फरक एवढाच, की नंतरच्या शूटला ते जायला वाव मिळतो. पहिली वीस मिनिटं बहुतेक जण पासपोर्टचा फोटो असल्यासारखे उभे राहतात. मी कॅमेरा खाली घेतो, लेन्स पुसत बसतो आणि लग्नात काय घोळ झाला ते विचारतो. तो सांगायला लागतो, ती मध्येच तोडून दुरुस्त करते, दोघं हसतात. तिचा हात आपसूक त्याच्या कोपरावर जातो. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने आठ-दहा पावलांवरून हा क्षण मिळतो, कुणाच्या तोंडात कॅमेरा खुपसावा लागत नाही.

पण लग्नाच्या दिवसाची एक गोष्ट नंतर कधीच मिळत नाही. विधी संपल्यावर पाच मिनिटांनी चेहऱ्यावर जे असतं, घाम, थोडं रडून लाल झालेलं नाक, सुटका झाल्याचा श्वास, ते आठ दिवसांनी आणायला गेलात तर नाटक होतं. अल्बम उघडल्यावर तो दिवस आठवायला हवा असेल, तर नंतरचे फोटो कितीही देखणे असले तरी थोडे परके वाटतील. दोघं कसे दिसत होतो हे हवं असेल, तर नंतरचेच बरे.

कपडे आणि मेकअपचा खर्च लोक हमखास विसरतात. भाड्याचा पोशाख असेल तर परत करायची तारीख आधी बघा. स्वतःचा असेल तर नंतरच्या शूटआधी डाग काढा, पण पूर्ण धुलाई शूट झाल्यावरच. मेकअप आणि केस पुन्हा करावे लागतात, ताजी फुलं तर टिकतच नाहीत. अगदी दुसऱ्याच दिवशी मात्र नको, डोळे सुजलेले असतात. फार लांबवूही नका. महिना उलटला की केस कापले जातात, कामं सुरू होतात, आणि "बघू पुढच्या रविवारी" म्हणता म्हणता पोशाख कपाटात जातो.

कपड्यांचं काय बिघडायचं ते बिघडू दे म्हणून पाण्यात उतरून फोटो काढायची टूम मला पटत नाही. २०१२ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अशाच शूटच्या वेळी एक नवविवाहिता नदीत बुडून गेली. भिजलेला पोशाख इतका जड झाला की तिला बाहेर काढता आलं नाही. घोट्यापर्यंत पाणी, तेही किनाऱ्यावरचं, एवढ्यावर थांबा.

घरच्यांसोबतचे फोटो मात्र कुठल्याही परिस्थितीत लग्नाच्याच दिवशी. आजी पुन्हा नटूनथटून येणार नाही, परगावचे भाऊ परत जाणार. हे नंतरवर ढकलल्याचा पस्तावा लोकांनी माझ्यापाशी बोलून दाखवला आहे. दोघांचे फोटो नंतर ठेवले की मोकळी झालेली ती पंधरा मिनिटं इथेच वापरता येतात.

आणि खर्चाला वाव नसेल तर? मग लग्नाच्याच दिवशी, पण विधीच्या आधी, दोघं तयार झाल्याबरोबर अर्धा तास काढा. मेकअप ताजा असतो, पाहुणे यायचे असतात. पोटात गोळा असतो तेवढा चेहऱ्यावर दिसतो, ते चालवून घ्यावं.

नंतरचं शूट ठरवलंत, तर फोटोग्राफरकडून लेखी घ्या: हे शूट पॅकेजमध्ये धरलंय की वेगळे पैसे, एडिट केलेले फोटो किती मिळणार, आणि पाऊस आला तर दुसरी तारीख फुकट की नाही. तिसरा प्रश्न विचारायचं राहतं, आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं.